होणाऱ्या जावयामागे पळताना

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार, खुर्चीत बसूनच केलेला. (वाकून करायला गेलो होतो, पण मग मला सरळ करायला मुलीला हाक मारावी लागली. तेव्हा हाच गोड मानून घे.) नवीन कवळी बसली का नीट? 'दोन दिवसांत सवय होईल' असं तुझा दाताचा डॉक्टर म्हणाला असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. मी चष्म्याच्या दुकानात जन्मभर गिऱ्हाइकांना हेच वाक्य ऐकवत आलोय, त्यामुळे त्याची किंमत मला माहीत आहे.

फोन सोडून हा पत्राचा खटाटोप कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी 'हॅलो' म्हणेपर्यंत तुझं निम्मं बोलून झालेलं असतं. पत्रात मध्येच कुणी तोडत नाही, आणि आज मला सलग बोलायची फार गरज आहे.

मुलीने स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं, हे तुला ठाऊक आहेच. मुलगा नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी पळतो. मैदानावर नाही, रस्त्यावर नाही, तर जंगलातून, नदीच्या कडेकडेने, डोंगर चढत आणि उतरत. मागे वाघ लागलेला नसतो, पुढे गाडी सुटत नसते, तरी पळतो. पहिल्यांदा घरी आला तेव्हा चहा नको म्हणाला, बिस्किटं नको म्हणाला आणि टेबलावरची केळी मात्र बोलता बोलता एकेक करून संपवली. अंगाने इतका बारीक, की मी मनातल्या मनात त्याचं नाव 'काडी' ठेवून टाकलं. मग तू फोनवर म्हणालीस, 'चहा पाजून माणूस कळत नाही. त्याच्याबरोबर चार पावलं चालून बघ.' हे मी मुलीला सांगितलं, इथे माझी बुद्धी चरायला गेली होती. ती म्हणाली, 'चालताय कशाला बाबा, पळूनच बघा. रविवारी स्पर्धा आहे.' मुलगी कुणाबरोबर तरी पळून जाईल या काळजीने बापांची झोप उडते असं ऐकत आलो होतो. माझ्या मुलीने होणाऱ्या नवऱ्याबरोबर बापालाच पळवायचं ठरवलं.

तयारी मी जोरात केली. (हसू नकोस.) खास डोंगरात पळायचे बूट आणले. पाठीला लावायची एक पिशवी आणली, तिच्यातून एक नळी निघते आणि ती तोंडात धरून चालता चालता पाणी प्यायचं, म्हणजे आपण आजारी नसून पळतोय हे लोकांना वेगळं सांगावं लागतं. आणि सराव म्हणून दुकानातच, अक्षरांच्या तक्त्यापासून आरशापर्यंत येरझाऱ्या घालू लागलो. एका आजीबाईंची नजर तपासताना सवयीने जागच्या जागी पाय मारत होतो, तर त्या म्हणाल्या, अक्षरं दिसतायत, पण सगळी नाचतायत. मी घाबरून त्यांना थेट मोठ्या डॉक्टरांकडे धाडणार होतो. नंतर लक्षात आलं, त्यांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. दुकानाची लाकडी जमीन हलत होती.

रविवारी सकाळी आम्ही एका बुटक्या डोंगररांगेच्या पायथ्याशी उभे राहिलो. बुटकी म्हणजे खालून बघणाऱ्याला. एका नदीच्या खोऱ्यातून वर चढायचं, डोंगराच्या धारेवरून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं, दुसरी नदी ओलांडायची आणि झाडीतून परत यायचं, असा बेत. माझा बेत निराळा होता. काडीच्या बरोबरीने पळायचं आणि सहज म्हणून पगार, स्वभाव, पुढचे विचार, सगळं काढून घ्यायचं. शिट्टी वाजली. काडी म्हणाला, 'काका, सावकाश या हं,' आणि मी 'हो' म्हणेपर्यंत झाडांमागे दिसेनासा झाला. एवढ्यावर माझी पारख आटोपली.

मग मी एकटा. आणि तिथे मला माझ्याच धंद्याने गाठलं. माझा चष्मा वरून लांबचं आणि खालून जवळचं दाखवणारा, तुला माहीत आहे. पुस्तक वाचायला उत्तम. पण उतारावर पायाखाली बघायला मान खाली घातली, की मुळं आणि दगड वाचायच्या काचेतून दिसतात, म्हणजे सगळं धूसर आणि नाकाशी आल्यासारखं. जिथे खड्डा नाही तिथे मी पाय उंच टाकत होतो आणि जिथे होता तिथे त्यात जात होतो. शेवटी काही उतार मी बसून उतरलो. (पँटच्या मागच्या बाजूबद्दल लिहीत नाही. तू ताई आहेस.)

असाच एका झाडाला टेकून नळी चोखत उभा असताना मागे पाहिलं, तर केशरी जाकीट घातलेल्या एक बाई वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या लाल फिती शांतपणे सोडून पिशवीत कोंबत होत्या. वयाने माझ्याएवढ्या, अंगाने काटक, आणि खिशात रेडिओसारखं काहीतरी खरखरत होतं. मला वाटलं, चोर. मी जवळजवळ ओरडलोच, 'अहो बाई, फिती काय सोडताय? मागून येणाऱ्यांनी वाट कशी शोधायची?'

त्या म्हणाल्या, 'मागे कोणी नाही.'

ताई, हे वाक्य ऐकायला किती साधं आहे बघ. सगळ्यांत शेवटच्या माणसाच्या मागून चालत फिती गोळा करत यायचं, हे त्यांचं काम होतं. जाकिटावर पाठीमागे तसं लिहिलेलंही होतं म्हणे, पण त्या सतत माझ्या मागेच असल्यामुळे मला वाचायला मिळालं नाही. बाई पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या, हे त्यांनी सांगायची गरजच नव्हती. मी जरा रेंगाळलो की मागून आवाज यायचा, 'चला, पुढे सरका, पुढे जागा आहे.' जागा होती, त्याबद्दल वादच नाही. सगळं जंगल रिकामं होतं.

आता तुझ्या भावाची खोड तुला माहीत आहे. दमलो की मी बोलतो. चढ संपेपर्यंत मी त्या बाईंना सगळी हकीकत सांगून टाकली. मी इथे खेळायला आलेलो नसून मुलगा पारखायला आलोय. मुलगा म्हणजे नुसती काडी आहे, वारा आला तर मुलीला त्याचा हात धरून ठेवावा लागेल. जो माणूस सुट्टीच्या दिवशी घरात टिकत नाही तो संसारात काय टिकणार. आणि हे सगळं आईच्या लाडाने झालंय.

'आईला भेटलात?' बाईंनी विचारलं.

'कुठून भेटणार? दोनदा बोलावलं. रविवारी काम असतं म्हणे. रविवारी कसलं काम असतं हो?'

'असतं काही जणांना,' बाई म्हणाल्या आणि एक फीत सोडली.

मला तेव्हाही उजेड पडला नाही. चष्मा नाकावर असूनही मला जे दिसत नाही, ते लिहायला बसलो तर हा कागद पुरणार नाही.

दुसऱ्या नदीला पाणी मांड्यांपर्यंत होतं आणि आडवा दोर बांधला होता. बाई म्हणाल्या, दोर सोडू नका आणि बोलू नका. पहिलं मी पाळलं. मधोमध मान वळवून 'तुमची मुलं काय करतात?' असं विचारायला गेलो, पाय शेवाळावर पडला आणि मी पाण्याखाली गेलो. वर आलो तेव्हा दोर हातात होता, चष्मा नव्हता. पाणी कमरेएवढंही नव्हतं, पण ओढ अशी होती की पाय तळाला लागेनात, आणि हाताची बोटं एकेक करून सुटायला लागली. खरं सांगतो, तेव्हा मी घाबरलो. दुकान आठवलं नाही, काही नाही. मुलीच्या लग्नात आपण नसू, एवढंच डोक्यात आलं. तेवढ्यात पाठीवरच्या पिशवीला धरून कुणीतरी मला मांजराच्या पिल्लासारखं उचललं आणि काठावर आणून टाकलं. बाईंनी ओल्या हातांनी तो रेडिओ काढला आणि शेवटचा गडी भिजलाय, त्याला दिसत नाही, एवढंच त्यात सांगितलं. मी थरथरत बसून राहिलो. पोटरीत गोळा आलेला. चहूबाजूला हिरवा धूर. त्या माझे पाय चोळत होत्या आणि, ताई, मला लाज वाटायचंही भान नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्या हिरव्या धुरातून एक उभी रेघ धावत आली. वाकली. म्हणाली, 'आई, तू फिती घे. काकांना मी घेतो.'

मी त्या 'आई'चा अर्थ लावत होतो तोवर काडीने मला पाठीवर घेतलं होतं. तो शर्यत संपवून आला नव्हता; तरुणांना नदीच्या पुढे आणखी एक डोंगर जास्त होता. पुढच्या पाणपोईवर रेडिओवरचा निरोप ऐकला आणि तिथून उलटा फिरला. त्याच्या पुढे फक्त एकच गडी होता, हे मला नंतर मुलीकडून कळलं. मला घेऊन तो सरळ चालू लागला. चढावर एकदा थांबला, तेही मी नीट धरलंय ना हे विचारायला. आणि मी, ज्याने सगळ्या चढभर त्याची निंदा केली होती, त्याच्या मानेला घट्ट मिठी मारून त्याच्या आईच्या समोर लोंबकळत होतो. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, ही देवाची कृपा.

शेवटी पोचलो तेव्हा टेबलं घडी करून गाडीत चढवत होते. मुलगी धावत आली, मला बघून रडली आणि मग इतकी हसली की मलाच पुन्हा रडावंसं वाटलं. मी बाईंची माफी मागायला गेलो. (चुकून आधी एका शेजारच्या गृहस्थांची मागितली. चष्मा नव्हता ना.) त्या म्हणाल्या, 'अहो, बसमध्ये माणसं शेजारच्याला घरातलं सगळं सांगतात. मी ऐकलं, तुमचं ठिकाण आलं, तुम्ही उतरलात. झालं.' मग म्हणाल्या, 'मुलगी मला पसंत आहे. तुमचं आता तुम्ही सांगा.'

मी काय सांगणार? मुलगा मला पसंत आहे, ताई. नुसता पसंत नाही. ज्या दिवशी माझ्या पोरीचा पाय घसरेल त्या दिवशी हा मागे फिरेल, हे मी त्याच्या पाठीवर बसून पाहिलंय. तू आलीस की लग्न पक्कं करून टाकू.

तुझा (सध्या जिना उलटा उतरणारा),
भाऊ

ता. क. लग्नाचं बोलणं करायला विहीणबाई घरी यायला तयार नाहीत. घरात बसलेली माणसं खोटं बोलतात म्हणे. त्या म्हणतात, आपण सगळे खोऱ्यात भेटू.

पुन्हा ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली, आणि पत्राचं खरं कारण तेच आहे. निघताना विहीणबाईंनी विचारलं, 'तुमच्या घरात पळणारं कोणीच नाही का?' त्या क्षणी माझी पँट, माझा चेहरा आणि घराण्याची अब्रू, तिन्ही फाटलेली होती. तोंडातून निघून गेलं, 'आमची ताई पळते. रोज.' त्यांना इतका आनंद झाला, की पुढच्या शर्यतीत फिती गोळा करायला त्यांनी तुझं नाव घालून टाकलं. तेव्हा उलट टपाली बुटांचं माप कळव आणि कृपा करून आजपासून जिन्यावरून तरी पळायला लाग.

शेवटचा ता. क. माप कळवायची तसदी घेऊ नकोस. पाकीट चिकटवताना भावोजींचा दुकानात फोन आला, त्यांच्याकडून माप मिळालं. शर्यत कधी आहे हेही त्यांनी विचारलं नाही. तुला आजच्याच गाडीने पाठवतो म्हणाले.