शिंप्याच्या पडद्यामागे

सूनबाई,

सकाळी सव्वादहाला मी दवाखान्यात गेलो आणि एकही पायरी न चढता तपासून आलो. आधी कबुली देतो. वर्षभर "जाऊन आलो" सांगत होतो, ते खोटं होतं. तो जिना आता मला जमत नाही. रागव, पण सगळं वाचून झाल्यावर.

दवाखान्याखालच्या शिंप्याच्या दुकानात आता बेल बसवली आहे. ती दाबली की डॉक्टरीणबाई स्वतः खाली येतात. कपडे घालून बघायच्या पडद्यामागे स्टुलावर बसवून त्यांनी मला वीस मिनिटं तपासलं. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

"वजन उतरलंय का?" त्यांनी विचारलं.

"छे, आहे तसाच आहे."

पडद्याबाहेरून शिंपी म्हणाला, "थांबा काका, वही बघतो." त्याने गेल्या वर्षीचं माप काढलं आणि टेप लावली. कंबर चार इंचांनी कमी भरली.

"तुझी टेप ताणली गेली असेल," मी म्हटलं.

"टेपचं सोडा काका, पँट धरून चालताय ते दिसतंय मला."

बाईंनी तिथेच रक्त घेतलं. कारणं दोन-तीन असू शकतात म्हणाल्या, आणि ती मला कळतील अशी सांगितली. इतकं नीट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन पोटभर जेवलो.

आता पुन्हा शिंप्याकडेच जाऊन बसतो. फोन इथे चार्जिंगला आहे. रिपोर्ट साडेसहाला येईल. बाई म्हणाल्या, घरातलं कुणीतरी सोबत असू द्या.

— बाबा