काळ्या तेलाचा डबा

मंगळवार, जेवणं आटोपल्यावर

आज दवाखान्यात मी खोटं बोलले. मामाजींच्या पोटात महिन्याभरापासून जळजळ होते, म्हणून त्यांना घेऊन गेले होते. डॉक्टरीणबाईंनी सरळच विचारलं, "तळून उरलेलं तेल परत परत तापवून वापरता का? त्यानंही पोट बिघडतं." बाजूला गावातल्या बाया बसल्या होत्या. "नाही जी, रोज ताजं तेल," मी म्हणाले. काहून म्हणाले? गॅसमागचा काळ्या तेलाचा डबा तेव्हा डोळ्यांसमोरच होता. मामाजींच्या भाजीला रोज त्याच तेलाची फोडणी.

"मग सासऱ्यांचे मासे बंद करून पाहा," बाई म्हणाल्या.

जन्मभर तलावात जाळं टाकणारा माणूस. संध्याकाळी आमच्यासाठी मासे आणले, स्वतः साफ करून दिले आणि आपल्या ताटात नुसता वरण-भात घेतला. "तुमी खा पोटभर. मायंच पोट आता म्हातारं झालं," म्हणाले. तेव्हा तरी सांगायचं होतं.

मग मागचं आवरताना कढईत उरलेलं तेल गाळून त्याच डब्यात ओतलं, झाकण लावलं. हे आत्ता लिहिताना ध्यानात आलं.