पेटवे यांच्या सोफ्याला आडवे आलेले चार इंच

प्रति,
मा. मुख्य नगर वकील,
नगर प्रशासन, टोल्बर्ट (ओहायो)

विषय : श्री. पेटवे यांच्यावरील सोफ्याचा खटला मागे घेणे व त्यातून उद्भवलेला दुसरा खटला अन्य वकिलाकडे सोपवणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाच्या तीन नोटिसा (तिन्हींवर सही माझीच).

महोदय,

मी नियमभंग शाखेत अकरा वर्षे सहायक वकील आहे. वाढलेले गवत, गंजलेल्या मोटारी, मंजुरीपेक्षा जादा कोंबड्या यांच्याविरुद्ध मी शहराची बाजू निष्ठेने मांडली असून आजवर एकही कोंबडी निर्दोष सुटलेली नाही.

१. श्री. एल्रॉय पेटवे, वय एक्याऐंशी, यांना मे महिन्यात दाराची कुजलेली चौकट बदलण्याची नोटीस दिली. कामासाठी त्यांनी सोफा ओसरीत काढला. आपल्या मंजूर यादीतली नवी चौकट चार इंचांनी अरुंद निघाली. पाय काढून, उभा, आडवा, तिरका करून पाहिला. सोफा आत जाईना.

२. सबब, ओसरीत घरातले सामान ठेवल्याची दुसरी नोटीस दिली. त्यांनी दार रुंद करण्याची परवानगी मागितली. घरावर नियमभंग प्रलंबित असताना परवानगी देता येत नाही, असा अभिप्राय मीच दिला. नियमभंग म्हणजे तोच सोफा. अभिप्राय कायद्याने बिनचूक आहे, हे सांगताना लाज वाटते.

३. सदर गृहस्थांना दम्यामुळे आडवे होता येत नाही. ते त्या सोफ्यावर बसूनच झोपतात. नोव्हेंबरातही ते ओसरीतच झोपतात, म्हणून 'ओसरीत वास्तव्य' केल्याची तिसरी नोटीस. ती द्यायला शुक्रवारी मी स्वतः गेले. बर्फ भुरभुरत होता. त्यांनी पांघरूण सरकवून मला जागा करून दिली, मक्याच्या पावाचा तुकडा हातावर ठेवला आणि नोटीस वाचून म्हणाले, "पोरी, तुझ्या एका कागदानं सोफा बाहेर आला, दुसरा त्याला आत जाऊ देईना. आता मी झोपू कुठं, या तिसऱ्या कागदावर?"

अकरा वर्षांत प्रतिपक्षाचा इतका नेमका युक्तिवाद मी ऐकला नव्हता.

४. शनिवारी मी करवत घेऊन गेले, चौकट उखडली आणि विनापरवाना भिंत चार इंच कापली. सोफा आत गेला. श्री. पेटवे खोकत खोकत हसले आणि बसल्या जागी झोपून गेले. दार म्हणून तूर्त प्लायवूड बिजागऱ्यांवर लावले आहे, तोही नियमभंगच.

तरी ओसरी रिकामी झाल्याने गुरुवारी लागणारा खटला मागे घ्यावा. भिंतीचा गुन्हा श्री. पेटवे यांच्या नव्हे, माझ्या नावे नोंदवावा. तो खटला मात्र कृपया माझ्याकडे देऊ नये. मी चालवला तर मी जिंकेन.

आपली, अजून तरी शहराचीच वकील,
(सही)
कॅरोलिन डुडेक
सहायक नगर वकील, नियमभंग शाखा
दि. १८ नोव्हेंबर २०१९

सोबत : १) रिकाम्या ओसरीचे छायाचित्र. २) करवत (मुद्देमाल).