न दुमडलेला कोपरा

धाकटे,

बावीस वर्षं मी महाराजांपुढे सहीचे कागद ठेवतोय. ते वाचत नाहीत. ज्यावर सही नको, त्याचा कोपरा मी दुमडतो, तो ते बाजूला सारतात. माझी सत्ता एवढीच.

आज तुझ्या नवऱ्याच्या अटकेचा हुकूम आला. मी कोपऱ्याला हात घातला, तेवढ्यात महाराजांनी शांतपणे विचारलं, "हे तुमचे मेहुणे ना?"

मी हात मागे घेतला. सही झाली.

उद्या तू येशील, म्हणशील, "दादा, महाराजांकडे शब्द टाक." मी सांगेन, तो कागद माझ्याकडे आलाच नव्हता.

हे पत्र तुला पाठवायचं नाहीये. याचा कोपरा मात्र मी न विसरता दुमडलाय.

तुझा भित्रा,
दादा