पुलाअलीकडे आपोआप लागलेले दिवे

हवालदारकाका, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक अक्षर लिहिलं नाही. नववीत पेन खाली ठेवलं ते ठेवलं. आज मात्र डोकं इतकं तापलंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय भागणार नाही, आणि गाडीच्या दिव्यांवरून माझ्याइतकं तापणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, तो म्हणजे तुम्ही. तेव्हा ऐका, आणि मधेच "मुद्द्यावर ये, जवान" म्हणू नका, मी येतोच आहे.

गेले सहा महिने मी सांगलीत हळदीच्या एका शेठकडं ड्रायव्हर होतो. त्याआधी द्राक्षांचा टेम्पो चालवला, मिरजेला बर्फाच्या कारखान्यात राहिलो, दोन महिने सिनेमाचे बोर्ड रंगवले (नटीचे डोळे मला कधी जमले नाहीत, दोन्ही एका दिशेला बघायचेच नाहीत), ते जाऊ दे. शेठचा जावई सिंगापूरहून कायमचा परत आला तेव्हा तिकडची गाडी घेऊन आला आणि सासऱ्याला देऊन टाकली. पांढरी, लांबलचक, आत बसलं की गाभाऱ्यासारखं गार. तिचं मोठं कौतुक म्हणजे तिचे पुढचे दिवे आपोआप लागतात. समोरच्या काचेखाली शर्टाच्या बटणाएवढा एक काळा ठिपका आहे. त्याच्यावर उजेड कमी पडला की दिवे लागतात, उजेड आला की जरा वेळानं विझतात. शेठ मार्केट यार्डात चार व्यापारी गोळा करायचे, त्या ठिपक्यावर तळहात झाकायचे, आणि भर दुपारी दिवे लागले की असे हसायचे, जसा काही सूर्य त्यांनीच मालवला. पहिले आठ दिवस मीही हसलो. खोटं कशाला सांगू.

पण काका, त्या ठिपक्याला काडीची अक्कल नाही हो! त्याला फक्त स्वतःच्या डोक्यावर किती उजेड पडतो तेवढंच कळतं. कराडच्या रस्त्याला वडाची झाडं लागली की त्याला वाटतं रात्र झाली. लागले दिवे. झाडं संपून लख्ख ऊन आलं तरी हे आपले जळतातच, आणि समोरून येणारा प्रत्येक जण आपला हात वर करून बोटांची उघडमीट करतो, लाईट चालू हाय म्हणून. एसटीवाला करतो, सायकलवाला करतो, डोक्यावर वैरण घेतलेल्या बाया एक हात सोडून करतात. ताकारीजवळ लुनावरच्या एका म्हाताऱ्यानं तर आम्हाला आडवं होऊन थांबवलं. "आवं पावनं, दिस हाय अजून! बॅटरी उतरंल की." मी मान हलवली, हात जोडले. शेठ मागून म्हणतात, "अडाणी लोक."

आणि ज्या दिवशी दिवे लागायला पाहिजेत त्या दिवशी हा ठिपका गप्प. थंडीत कराडला संगमाच्या बाजूनं सकाळचं धुकं येतं ते तुम्हाला माहीतच आहे. पांढरंशुभ्र. बोनेट दिसत नाही, पण उजेड भरपूर. ठिपका खूश! दिवे बंद. त्या पांढऱ्यातून दुधाची गाडी एकदम अंगावर आली, दोघंही कसे वाचलो देव जाणे. मी बटण फिरवायला हात पुढं केला तर शेठनं मागून खांद्यावर थाप मारली. "हात लावायचा नाही. सिंगापूरच्या इंजिनिअरला तुझ्यापेक्षा जास्त कळतं." तशी त्या बटणाला सगळ्या सोयी आहेत, हातानं लावायची, हातानं विझवायची. पण शेठचा हुकूम एकच, बटण आपोआपवर. मुसळधार पाऊस असू दे नाहीतर धूळ असू दे. मी सहा महिने ते पाळलं. का पाळलं, त्याचीच चीड येते.

तुम्ही मला गाडी शिकवलीत ती तुमची जीप आठवते. श्रावणातला दिवस, यवतेश्वरचा घाट, ढग रस्त्यावर उतरलेला. मी एकोणीस वर्षांचा, स्वतःला लय शहाणा समजणारा. तुम्ही म्हणालात, "लाईट?" मी म्हणालो, "कशाला? दिसतंय की मला सगळं." तुम्ही गाडी कडेला घ्यायला लावलीत. "उतर. पुढं शंभर पावलं जा. मग वळून बघ." मी चाललो, मनात शिव्या देत, चपलेत पाणी. वळून बघतो तर जीपच नाही! घाट होता, पाण्याचा आवाज होता, तुम्ही आणि जीप गायब. मी हाक मारली तरी तुम्ही ओ दिली नाही. मग त्या धुक्यात दोन पिवळे ठिपके उमटले आणि त्यांच्यामागं हळूहळू गाडी दिसायला लागली. परत आलो तर तुम्ही टाळूवर एक टपली मारलीत. "तुला दिसतंय ते खरं. तू दिसतोस का?" एवढंच बोललात. तुमच्या घरी गेल्यावर काकूंनी मला चुलीपुढं बसवलं, चहा दिला, आणि तुम्ही तुमच्या लष्करी कांबळ्याचा एक चौकोन कापून माझ्या हातात ठेवलात, काच पुसायला. असलं काही आठवलं की त्या सिंगापूरच्या इंजिनिअरला धरून यवतेश्वरला आणावं आणि शंभर पावलं चालवावं असं वाटतं.

आता मुद्दा. परवाची गोष्ट. शेठना आणि त्यांच्या आईंना कुंडलच्या डोंगरावर दर्शनाला नेलं होतं. दर्शन होईपर्यंत त्या काही खात नाहीत आणि दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नाहीत, म्हणजे मधल्या वेळात सांगली गाठून त्यांना जेवायला बसवायचं. साडेचार वाजलेले, आभाळ एकाएकी भरून आलेलं. पुढं ओढ्यावरचा तो अरुंद पूल, एका वेळी एकच गाडी जाईल असा. पलीकडून दोन ट्रेलर ऊस भरलेला ट्रॅक्टर येताना मला दिसतोय. अशा पुलावर आपल्याकडं रीत काय, जो आधी डिपर मारेल, म्हणजे समोरच्यावर दिवे चमकवेल, त्यानं आधी घुसायचं. आणि तुमची रीत काय, भरलेल्या गाडीला आधी वाट द्यायची, खिडकीतून हात बाहेर काढून तिला बोलवायचं. पुलावर डिपर मारणाऱ्याला तुम्ही ड्रायव्हर म्हणतच नव्हता. मी तुमचंच केलं, काका. पाय ब्रेकवर ठेवला, गाडी पुलाच्या अलीकडं चिंचेखाली थांबवायला घेतली, काच खाली करायला लागलो. वर ढग, त्यात चिंचेची सावली. ठिपक्यानं विचार केला, रात्र झाली. आणि खाटकन दिवे लागले.

ट्रॅक्टरवाल्याला काय दिसलं? समोरच्या अंधारातून एका गाडीनं डिपर मारला, म्हणजे ती आता घुसणार. त्यानं जीव खाऊन ब्रेक दाबला. मागचा ट्रेलर आडवा होऊन कलंडला आणि सगळा ऊस पुलाच्या तोंडाशी ओतला गेला. तो खाली उडी मारताना पडला, कोपर फुटलं. माणसं शेतातून पळत आली. मी खाली उतरलो तसा ट्रॅक्टरवाला ओरडला,

"आरं ए! भरल्याली गाडी दिसत न्हाई व्हय तुला? कशापायी डिपर मारलास?"

"मी न्हाई मारला, दादा."

"मग काय तुज्या बानं मारला?"

"गाडीनं मारला. आपोआप लागतात दिवे हिचे."

"ऐका रं! गाडीनं मारला म्हनं! उद्या म्हनशील, गाडीच पिऊन आली हुती."

सगळे हसले. मी मागं वळलो. "शेठ, सांगा की यांना. हात झाकून दाखवा." यार्डात रोज दाखवणारा माणूस, काका! एक तळहात त्या ठिपक्यावर ठेवायचा होता, बास. शेठनं घड्याळाकडं बघितलं, आईकडं बघितलं. त्या बिचाऱ्या डोळे मिटून पुटपुटत बसलेल्या. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "वाद घालू नको. आईचं जेवण चुकेल. चूक कबूल कर आणि मिटव. ट्रेलरचं मी बघतो." मी म्हणालो, "माझी चूक नाही." ते म्हणाले, "गाडीची आहे का मग? जावयाच्या गाडीची?" आणि काच वर केली.

मी बाहेर उभा. ट्रॅक्टरवाल्याच्या कोपरातून रक्त येतंय, त्याच्यावर मला राग धरता येत नाही, कारण त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. त्याला दिसलं ते त्यानं मानलं. पण ज्याला खरं माहीत होतं तो काचेआड गार हवेत बसला होता, त्याचा राग माझ्या हाडांत आहे अजून. मी चार नोकऱ्या सोडल्या, एका जागी टिकत नाही म्हणून नातेवाईक नावं ठेवतात, ठेवू देत. पण मी रस्त्यावर हलगर्जी आहे असं आजवर कुणाची म्हणायची हिंमत झाली नव्हती. माझ्याकडं दाखवण्यासारखं तेवढंच होतं. शेवटी मी म्हणालो, "मारला. मीच मारला." ऊस बाजूला करायला सगळ्यांनी हात लावला, मीही लावला. आई दिवस मावळायच्या आत ताटावर बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली शेठच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "कुठं जाणार?" मी म्हणालो, "बघू."

हे सगळं लिहून साताऱ्याला गोडोलीत काकूंना वाचून दाखवायचं मनात होतं. त्यांना दिसत नाही आता नीट, पण तुमच्या हाताखालच्या पोरांची आठवण काढतात. एसटीचं तिकीटही काढून ठेवलंय. पण आता नाही जाणार, कारण इथपर्यंत लिहीत आलो तरी एक गोष्ट गाळली, आणि ती काकूंसमोर माझ्यानं वाचवणार नाही. "मीच मारला" म्हटल्यावर ट्रॅक्टरवाला गप्प झाला नव्हता. त्यानं विचारलं, "कुनी शिकवली रं तुला गाडी असली?" आणि मी, काय माझ्या डोक्यात आलं, म्हणालो, "साताऱ्यात मिल्ट्रीतले एक हवालदार होते. त्यांनी असंच शिकवलंय. आधी डिपर मारायचा न् घुसायचं." माणसांचा राग एकदम उतरला. "मिल्ट्रीवाला व्हय! मग बराबर. त्यास्नी वाटतं, समदा रस्ता सरकारनं त्यांच्याच नावानं केलाय." सगळे हसले, कोपर धरून ट्रॅक्टरवालाही हसला. कुणीतरी विचारलं, "हाय का गेला?" मी म्हणालो, "गेले." "सुटला म्हनायचा. पर तुला बिघडवून गेला." तेव्हा काका, मीही त्यांच्याबरोबर हसलो.