शतावरीची माती मेलेली नसल्याबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
औषधी वनस्पती माती तपासणी कक्ष (तात्पुरता, गेली अकरा वर्षे),
कर्जत.

विषय : जिवंत माती मृत ठरवून काढलेला शतावरी उपटण्याचा आदेश रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपला अहवाल, जावक क्र. ४१, दि. २१ एप्रिल २०२५.

महोदय,

मी पळसदरी येथील शेतकरी असून माझ्या शेतात शतावरीची तीनशे रोपे आहेत. त्यांच्या मुळांभोवतीच्या मातीत जिवाणू 'शून्य' असल्याने पंधरा दिवसांत सर्व रोपे उपटावीत व काळ्या मातीत नवीन लावावीत, असे आपण कळविले आहे. दोन वर्षांनी काढायची मुळे दहाव्या महिन्यात उपटली तर हाती नुसत्या दोऱ्या येतील.

१. नमुना मी ओला, बर्फात ठेवून दिला होता. आपले शिपाई लडकूभाऊ यांनी "ओली माती घ्यायचा नियम नाय, बाई" असे सांगून तो आठ दिवस पत्र्यावर वाळवला. शेजारी कार्यालयाच्याच कुरडया होत्या. खताच्या तपासणीला माती वाळवतात हे मलाही ठाऊक आहे, पण जिवाणू मोजायचे तर ते जिवंत लागतात. एप्रिलच्या पत्र्यावर आठ दिवस मी टिकणार नाही आणि साहेब, आपणही नाही.

२. काळ्या मातीचे म्हणाल, तर आपल्याच सल्ल्याने गेल्या पावसाळ्यात एका वाफ्यात ती भरली. पाणी तुंबले, मुळे सडली. कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या हर्षलाताईंनी त्या काळ्या आणि शेजारच्या तांबड्या, अशा दोन्ही वाफ्यांची माती तपासली. रोप एकच, पण मुळाशी राहणारे जिवाणू वेगळे निघाले. ओल, हवा, आंबटपणा बघून ते बिऱ्हाड करतात, असे त्या म्हणाल्या. आमच्या तांबड्या, खडकाळ जमिनीत ते सुखाने नांदत आहेत. त्यांनी बदलीचा अर्ज केलेला नाही.

३. अहवाल वाचून आमचे हे एवढेच म्हणाले, "मेल्या मातीत झाड कमरेएवढं कसं झालं, ते सायबांना इचार." म्हणून विचारत आहे.

तरी ओल्या मातीची फेरतपासणी होईपर्यंत आदेश थांबवावा. ते जमत नसेल तर बुधवारी आपण स्वतः शेतावर यावे. पहिले रोप आपल्या हाताने उपटावे, मुळाची माती चोळून तिचा वास घ्यावा आणि मग 'मृत' या शब्दाखाली माझ्यासमोर पुन्हा सही करावी.

बुधवारी बांधावर उभी असलेली,
सौ. संजना बुधाजी घारे
पळसदरी, ता. कर्जत
दि. २८ एप्रिल २०२५

सोबत :
१. अहवालाची प्रत.
२. माती व कुरडया यांचा एकत्र फोटो.
३. ओली माती, बर्फासह, स्टीलच्या डब्यात. डबा परत हवा आहे.