माय, तुझ्या झाडाखाली पुन्हा फुलं पडलीत

प्रिय माय,

कालच्या ग्रामसभेत तुझं नाव निघालं. पुढे कैलासवासी वगैरे न लावता, बाजाराला निघालेल्या बाईला हाक मारावी तसं निघालं. तेव्हापासून तुला सांगायला तळमळते आहे. वर्षभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते, आज म्हटलं लिहूनच काढू.

चैत लागलाय. अंगणाअंगणात मोहफुलं वाळत घातलीत आणि गावभर तो गोड, उग्र वास सुटलाय. मागच्या वर्षीपर्यंत मला तो आवडायचा. आता दारं लावून शिलाई मशीनवर बसते. तुझ्या घराला कुलूप आहे. तुझी टोपली माझ्याकडे माळ्यावर आहे, ती उतरवायची हिंमत होत नाही.

का गेलीस गं त्या दिवशी एकटी? सिंधूमावशीची वाटसुद्धा बघितली नाहीस. "तिले चहा पेल्याशिवाय जमत नाई, तोवर गाई फुलं खाऊन टाकते," म्हणत पुढे निघालीस. मावशी पोचली तेव्हा झाडाखाली टोपली होती, तू नव्हतीस. वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला बाई वाटत नाही, चारपायी जनावर वाटतं, असं नंतर आलेल्या वनखात्याच्या साहेबांनी आम्हाला समजावून सांगितलं. समजून काय करू?

लोक म्हणतात, गावाला सूचना मिळाली नव्हती. खोटं आहे. आदल्या संध्याकाळी ती ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली होती, वरून आली तशीच्या तशी. सिंधूमावशीच्या सुनेने ओट्यावर बसून मोठ्याने वाचली. "कक्ष क्रमांक एकशे सदतीसमध्ये वाघाचा वावर आढळून आल्याने नागरिकांनी सदर क्षेत्रात प्रवेश टाळावा." तू तांदूळ निवडत होतीस. विचारलंस, "हे कक्ष कोनतं गाव होय वो?" सूनबाई म्हणाली, "नागझिऱ्याकडचं असन, काकू." आणि आपण सगळ्या निश्चिंत झालो.

ज्या जंगलात तू जन्मभर गेलीस त्याला कुणी नंबर देऊन ठेवलेत, हे आपल्या घरांच्या ओळीतल्या एकाही बाईला माहीत नव्हतं. आपलं जंगल म्हणजे मोहाची झाडं, आणि झाडाझाडाला नाव. आंधळा मोह, सवतीचा मोह, बोडीच्या पाण्याकडे झुकलेला आपला वाकडा मोह. कुणाच्या घराचं झाड कोणतं हे ठरलेलं, दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचलायचं नाही. तू तर वाऱ्याने उडून आलेलं परकं फूलही बाजूला सारायचीस. "वाकड्या मोहाकडं जनावर फिरून राहिलं" एवढंच कुणी म्हटलं असतं, तर तू गेली असतीस का?

कोतवाल दवंडी द्यायचा तेव्हाचं बरं होतं. डफडं वाजवत आपल्याच बोलीत ओरडायचा, आणि नाही कळलं तर बाया त्याला थांबवून पुन्हा विचारायच्या. मोबाइलला कोण थांबवणार? तुझा तर मोबाइलवरच राग. "ज्याले मले बोलाचं हाये, त्यानं दारात यावं." हट्टीच होतीस. पण त्यात तुझं चुकलं तरी कुठे?

तुझी तेरवी झाली आणि त्याच ग्रुपवर एक चित्र आलं. दंडारीतले नाचे, धानाची लोंबी, खाली मोठ्या अक्षरात 'आपली झाडीबोली, आपला अभिमान'. लोकांनी हात जोडले, फुलं टाकली. मंडईच्या जत्रेत दंडार बंद करून डीजे आणणारे हेच लोक! तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. मला हसू आलं नाही. मी रागाने ग्रुप सोडला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आत गेले, कारण नळ कधी येणार तेही आता तिथेच कळतं.

काल ग्रामसभेत गावाच्या सुरक्षेवर सगळ्यांचं मत विचारलं. एकाने दिवे मागितले, एकाने कुंपण. सरपंचबाई म्हणाल्या, "सूचना तर आपण टाकतोच. बायांनी जंगलात जाणंच बंद केलं पाहिजे."

वर्षभर कुणाशी धड न बोललेली सिंधूमावशी उभी राहिली. "मंग मोहफुलं तुमच्या हापिसात पडते का जी?" लोक हसले, ती नाही हसली. "आमाले नंबर नोका सांगू. झाडाचं नाव सांगा."

"झाडांची नावं कुठे लिहून ठेवली आहेत?" सरपंचबाईंनी विचारलं. त्या वाईट नाहीत गं. शहरातून आलेली सून, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

"लिहून नाई, तोंडात हायेत," मी बसल्या जागेवरून म्हटलं. मग बाया एकेक नाव घेऊ लागल्या. आंधळा, सवतीचा, मारक्या बैलाचा. मी आपल्या झाडाची वाट बघत होते. बोडीपाशी आल्या तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "शेवंताचा मोह." आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

वाकडा मोह कुणी म्हटलंच नाही. वर्षभरात गावाने झाडाचं नाव बदललं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मला राग आला, माय. तुझं नाव असं वाटेवर कुणी ठेवायला सांगितलं होतं? मग रडू आलं, आणि सिंधूमावशीने सगळ्यांसमोर माझा हात धरला.

शेवटी ठरलं असं, की वरून नंबर आला की ती जागा कोणत्या झाडाची ते विचारून घ्यायचं आणि पहाटे ओळीओळीत हाक द्यायची. हाक कोण देणार, असं सरपंचबाईंनी विचारलं. "पोरीचा गळा नाई, भोंगा हाये," असं तू माझ्याबद्दल कौतुकाने सांगत फिरायचीस, आठवतं? मी हात वर केला.

आणि आज संध्याकाळी बोडीच्या ओल्या मातीत वाघाचे पंजे उमटलेले दिसलेत.

म्हणजे माझी पहिलीच हाक तुझ्या नावाची. मघापासून मनातल्या मनात म्हणून बघते आहे, 'शेवंताच्या'पर्यंत येते आणि पुढे शब्द फुटत नाही. सानगडीच्या बाजारात ज्या नावाने बायका तुला लांबून बोलवायच्या, त्याच नावाने आता त्यांना अडवायचं. तुझी फुलं यंदा झाडाखालीच पडून राहतील, गाई खातील. तुला ते बघवलं नसतं हे मला माहीत आहे.

पण तुला वचन देते. उद्या पहाटे, तुझ्या निघायच्या वेळेला, मी ओळीच्या तोंडाशी उभी राहीन आणि गळा फाटला तरी ओरडेन, "शेवंताच्या मोहाकडं आज कोनी जाऊ नोका वो बायाहो." सिंधूमावशीच्या दारासमोर पुन्हा ओरडेन. आणि मग तुझ्या कुलूप लावलेल्या दारासमोर, तू आत चहा न पिता घाईघाईने टोपली शोधते आहेस असं समजून.

तुझी,
शालू